विद्यापीठातल्या विभागाचं बजेट: मागणीपत्रापासून ३१ मार्चपर्यंत

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास वित्त शाखेचं परिपत्रक येतं: पुढच्या वर्षाची मागणी पाठवा. बहुतेक विभागांत मग गेल्या वर्षीची फाइल निघते, प्रत्येक हेडच्या (म्हणजे खर्चाच्या शीर्षाच्या) आकड्यावर दहा टक्के चढतात, विभागाध्यक्षांची सही होते आणि इंदूरच्या खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरातून, जिथे विभाग आहेत, कागद आरएनटी मार्गावरच्या नालंदा परिसरात, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य कचेरीत, रवाना होतो. काम अर्ध्या तासाचं. त्याची शिक्षा मात्र वर्षभर भोगावी लागते. जानेवारीत अतिथी शिक्षकांचं मानधन अडतं, फेब्रुवारीत प्रयोगशाळेतली रसायनं संपतात, आणि त्याच विभागात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कपाटं नि खुर्च्या घ्यायची घाई चाललेली असते.

हा लेख इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठात नव्याने विभागाध्यक्ष झालेल्यांसाठी आणि विभागातला हिशेब सांभाळणाऱ्या लिपिकांसाठी आहे. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठातही क्रम जवळपास हाच, कारण दोन्हीकडे कायदा एकच, मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम, १९७३. तारखा आणि फॉर्मचे नमुने दर वर्षी थोडे बदलतात. ते परिपत्रकातून घ्यावेत.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. तरतूद म्हणजे पैसा नव्हे. तरतूद ही खर्च करायची परवानगी असते, पैसा खात्यात कधी येणार हा निराळा प्रश्न. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी येणारा पैसा, मग आधीच डोक्यावर असलेली देणी, आणि उरलं तर नवी मागणी. लोक नेमकं उलटं करतात.

## टप्पा १: पैसा कुठला, ते आधी वेगळं करा

विभागाच्या एका टेबलावर साधारण पाच तऱ्हेचा पैसा फिरत असतो.

१. राज्य शासनाचं अनुदान. यातून मुख्यतः मंजूर पदांचे पगार.

२. विद्यापीठाचा स्वतःचा निधी: परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, नामांकन शुल्क, ठेवींवरचं व्याज.

३. स्ववित्तपोषित, म्हणजे अनुदानाविना स्वतःच्या फीवर चालणाऱ्या, अभ्यासक्रमांची फी. आयईटी (अभियांत्रिकी), आयआयपीएस, आयएमएस (व्यवस्थापन) यांसारख्या विद्यापीठाच्याच संस्था आणि तक्षशिला परिसरातले बरेच विभाग याच पैशावर चालतात.

४. संशोधन प्रकल्पांचा निधी. हा देणाऱ्या संस्थेचा, तुम्ही फक्त सांभाळणारे.

५. बांधून दिलेला निधी: पीएम-उषासारखी केंद्राची उच्च शिक्षण योजना, सुवर्णपदकांसाठी देणगीदारांनी ठेवलेल्या ठेवी, क्रीडा शुल्क वगैरे.

पहिल्या तिघांचं नियोजन बजेटमध्ये एकत्र दिसलं तरी चालेल, पण स्तंभ वेगळे हवेत. चौथ्या-पाचव्याला हात लावायचा नाही. 'प्रकल्पाच्या खात्यात आठ लाख पडून आहेत, तोवर त्यातून वीजबिल भरू, मग परत टाकू' हा विचार मनात आला की समजावं, ऑडिटचा आक्षेप तयार झाला.

सावध: विद्यार्थ्यांची अनामत रक्कम उत्पन्नात धरू नका. ती परत द्यायची असते. ठेकेदाराची सुरक्षा ठेव, कापलेला टीडीएस आणि गोळा केलेला जीएसटी यांचंही तेच. बँक पासबुकातली शिल्लक बघून 'पैसे आहेत' म्हणणाऱ्यांनी या रकमा आधी वजा कराव्यात.

## टप्पा २: परिपत्रकाची वाट न पाहता कागद जमवा

हे काम पितृपक्षाच्या आसपास उरकावं. एकदा दिवाळीची सुट्टी लागली की अर्धे कागद ज्यांच्या कपाटात, ते गावी गेलेले असतात. लागणारे कागद:

- मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, हेडवार. मंजूर तरतूद नव्हे.
- चालू वर्षात आजवर दिलेली बिलं, आणि दिलेले पण बिल न आलेले पुरवठा आदेश.
- सगळे एएमसी (वार्षिक देखभाल) करार: कशाचा, किती रुपयांचा, कोणत्या तारखेला संपतो.
- कर्मचाऱ्यांची यादी. त्यात मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख (१ जुलै की १ जानेवारी) आणि निवृत्तीची तारीख. शिक्षकांचं निवृत्तीचं वय ६५ आणि इतर कर्मचाऱ्यांचं ६२, त्यामुळे एकाच विभागातल्या तारखा सरसकट मोजता येत नाहीत.
- मंजूर जागा आणि खरोखर प्रवेश घेतलेले विद्यार्थी, वर्षवार.
- चालू प्रकल्पांची मंजुरी पत्रं आणि त्यांच्या समाप्तीच्या तारखा.

यातून एक देणी-नोंदवही तयार करायची. रजिस्टर असो की एक्सेल, स्तंभ सहा: कोणाला, कशाचं, आदेश क्रमांक व तारीख, रक्कम (करासकट), कधी द्यायची, कोणत्या हेडमधून. सगळी मेहनत या वहीत आहे. ही वही नीट भरली तर मागणीपत्र एका दुपारी होतं.

वहीत काय सुटतं, तेही सांगून ठेवतो. लिफ्टचा देखभाल करार हमखास सुटतो, कारण तो इस्टेट शाखेकडे असेल असं विभागाला वाटतं आणि विभागाकडे असेल असं इस्टेट शाखेला. तीन वर्षांच्या वॉरंटीवर घेतलेल्या यंत्राची वॉरंटी पुढच्या वर्षी संपणार असते, म्हणजे नवा एएमसी खर्च सुरू होणार, तोही राहतो. सॉफ्टवेअरचं नूतनीकरण, अग्निशामक सिलिंडरचं रिफिलिंग, बाह्य परीक्षकांचं प्रवासबिल आणि मागच्या वर्षीची न निघालेली बिलं यांचंही तसंच.

तपासणी: मागच्या वर्षीची व्हाउचर फाइल उघडा, कोणतीही वीस व्हाउचर काढा. त्यातला जो खर्च दर वर्षी येतो, तो वहीत आहे का? दोन-तीन सुटलेले सापडले तर आणखी वीस काढा.

## टप्पा ३: उत्पन्नाचा आकडा आधी, आणि कंजुषीने

स्ववित्तपोषित विभागांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. मंजूर जागा गुणिले फी, असा सरळ हिशेब मांडतात. एक उदाहरण मांडून दाखवतो, आकडे समजायला घेतलेले आहेत.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रत्येक वर्षी ६० जागा, वार्षिक फी ४०,००० रुपये. कागदावर १२० विद्यार्थी आणि ४८ लाख. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाला ५४ आले. दुसऱ्या वर्षात ४९ उरले, कारण काही जणांना दुसरीकडे प्रवेश मिळाला, काहींनी नोकरी धरली. एकूण १०३, म्हणजे ४१,२०,००० रुपये. यातले २२ जण मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेतले किंवा पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीवाले. त्यांची ८,८०,००० रुपये फी शासनाकडून येणार. ती कधी संस्थेच्या, कधी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, आणि ३१ मार्चच्या आत येईलच असं नाही. हाती धरावेत ३२,४०,००० रुपये. कागदावरच्या आकड्यापेक्षा १५,६०,००० कमी. याच फरकात फेब्रुवारीचं मानधन अडकलेलं असतं.

शिष्यवृत्तीची फी सोडून द्यायची नाही. ती 'शासनाकडून येणं' अशा वेगळ्या ओळीत दाखवा. मागच्या वर्षीचं येणं या वर्षी येणार असेल तर तेही याच ओळीत, वर्षाच्या उल्लेखासह. मात्र त्याच्या भरवशावर पगार किंवा मानधन बांधू नका.

दुसरी गोष्ट महिन्यांची. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, फी मात्र प्रवेशानंतर येते. सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश असतील तर समुपदेशनाच्या फेऱ्या लांबल्या की फीही लांबते. एप्रिल ते जून हे तीन महिने मागच्या शिलकीवर काढायचे असतात. म्हणून वर्षाच्या आकड्याबरोबर बारा महिन्यांचा साधा तक्ता करा: महिना, येणार किती, जाणार किती, उरणार किती. कोणत्याही महिन्यात 'उरणार' उणे आलं तर तो खर्च पुढे सरकवा किंवा वित्त शाखेला आधीच लेखी कळवा.

वित्त शाखेतल्या मंडळींनी विद्यापीठाच्या पातळीवर हीच काटछाट करायची असते. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं आणि निमाडातली महाविद्यालयं तिकडे गेली. मग परीक्षा आणि संलग्नता शुल्काचा अंदाज जुन्या तीन वर्षांच्या सरासरीवर काढणं म्हणजे नसलेल्या महाविद्यालयांची फी मोजणं. शिवाय संलग्नता शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागू असल्याचं केंद्राने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात म्हटलेलं आहे. तो कर जमा झालेल्या रकमेत दिसतो, उत्पन्नात धरायचा नाही.

## टप्पा ४: खर्च, ठरलेल्या क्रमाने

(क) पगार. मूळ वेतन गुणिले बारा, असं करू नका. सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या ५७,७०० रुपये मूळ वेतनाचं उदाहरण घ्या. वेतनवाढ १ जुलैला, नवं मूळ ५९,४००. तीन महिने जुन्या दराने १,७३,१००, नऊ महिने नव्या दराने ५,३४,६००, एकूण ७,०७,७००. सरळ बाराने गुणलं असतं तर ६,९२,४००. एका माणसामागे १५,३०० चा फरक, तोही फक्त मूळ वेतनात. महागाई भत्ता त्याच्यावर चढतो. भत्त्याची वाढ केंद्रात जानेवारी आणि जुलैपासून लागू होते, राज्याचा आदेश मागून येतो, आणि मधल्या महिन्यांची थकबाकी द्यावी लागते. तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा. मार्चचा पगार कोणत्या आर्थिक वर्षात खर्ची पडतो, हे वित्त शाखेला विचारून घ्या. बारा महिनेच मोजले जातील, पण कोणते बारा, हे पक्कं हवं.

(ख) अतिथी शिक्षक. इथे माणसं मोजू नका, तास मोजा. तीन पदं रिक्त, प्रत्येकावर आठवड्याला १६ तास, दोन सत्रांचे मिळून ३२ आठवडे. म्हणजे १,५३६ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ठरवलेला दर तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,०००. तुमच्या विद्यापीठाचा दर निराळा असेल तर कार्यपरिषदेचा, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाचा, ठराव पाहा. या दराने २३,०४,००० रुपये होतात. आता कमाल मर्यादा लावा. ५०,००० ला १,५०० ने भागलं तर महिन्याला ३३ तास, आठवड्याला जेमतेम आठ. एका माणसाकडून १६ तास घेतले तर अर्ध्या तासांचे पैसे द्यायला मर्यादाच आडवी येते. तेव्हा मागणी तीन नव्हे, सहा जणांची करावी लागते. हे सप्टेंबरात लक्षात आलं तर नोटशीट (मंजुरीसाठी फिरणारी टिपणी) चालवता येते. जानेवारीत लक्षात आलं तर शिकवून झालेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

(ग) बाह्यस्रोत कर्मचारी. सफाई, सुरक्षा, डेटा एंट्री. एजन्सीचं सेवाशुल्क, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि जीएसटी धरूनच आकडा घ्या. किमान वेतनाचे दर वर्षातून दोनदा बदलतात, हे विसरू नका.

(घ) वीज, पाणी, दूरध्वनी, इंटरनेट. वीजबिलात वापर कमी झाला तरी करार केलेल्या मागणीवरचा स्थिर आकार कमी होत नाही. उन्हाळी सुट्टीतलं बिल बघितलं की हे समजतं.

(ङ) ग्रंथालय. नियतकालिकांची मागणी टाकण्याआधी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची यादी तपासा. ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात आहेत आणि राज्य विद्यापीठांनाही ती मिळतात. जे यादीत आहे त्याची वर्गणी पुन्हा मागितलीत तर सुनावणीत पहिली कात्री तिथेच लागेल, आणि बाकीच्या मागणीकडेही संशयाने बघितलं जाईल.

(च) प्रयोगशाळेचं सामान. विद्यार्थीसंख्या, प्रत्येकी प्रयोग आणि एका प्रयोगाचा खर्च, असा हिशेब जोडा. काच फुटते, तीही लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

(छ) उपकरणं आणि बांधकाम. यंत्राचं कोटेशन ६,००,००० असेल तर मागणी ६,००,००० ची नसते. १८ टक्के जीएसटी धरून ७,०८,०००. संशोधन संस्थांना पूर्वी मिळणारी ५ टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली आहे, तरी अजून कित्येक मागणीपत्रांत तो जुना दर डोकावतो. वर यूपीएस, टेबल, वातानुकूलन, बसवणी. बांधकामाचा अंदाज मात्र ठेकेदाराच्या तोंडी आकड्यावर कधीच देऊ नका. अभियांत्रिकी शाखेकडून लोकनिर्माण विभागाच्या दरसूचीप्रमाणे काढून घ्या.

तपासणी: (क) ते (घ) यांची बेरीज टप्पा ३ मधल्या हाती येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त झाली का? झाली असेल तर (छ) लिहायला घेऊच नका. आधी वित्त शाखेशी बोला.

## टप्पा ५: मागणीपत्र भरणं

फॉर्मवर साधारण चार स्तंभ असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज (आजवरचा खर्च बघून दुरुस्त केलेला), पुढच्या वर्षाचा अंदाज. तिसरा स्तंभ बहुतेक जण दुसऱ्याची नक्कल करून भरतात. तो स्तंभ खरा भरलात तर चौथ्यावर विश्वास बसतो.

शेरा कसा लिहायचा, याचे दोन नमुने.

चुकीचा: 'रसायनांचे दर वाढले असून विद्यार्थीहितास्तव ५ लाखांऐवजी ७ लाखांची तरतूद व्हावी, ही विनंती.'

बरोबर: 'चालू वर्षी सप्टेंबरअखेर रसायनांवर खर्च १,८०,०००, आदेश दिलेले २,१०,०००. दुसऱ्या सत्राची गरज १,६०,०००. एकूण ५,५०,०००. पुढील वर्षी एमएस्सीच्या १५ वाढीव जागा, प्रति विद्यार्थी ४,००० प्रमाणे ६०,०००. मागणी ६,१०,०००. विद्यार्थीयादी व दरपत्रक सोबत.'

दुसऱ्यात विनंती नाही, हिशेब आहे. कमी मागूनही तो जास्त मिळवून देतो.

आणखी तीन नियम. यंत्रं, फर्निचर, इमारत हा भांडवली खर्च. दुरुस्ती आणि देखभाल हा महसुली. दोन्ही एका ओळीत कोंबू नका. 'इतर' किंवा 'किरकोळ' या हेडमध्ये मोठी रक्कम टाकू नका. ज्याला नाव देता येत नाही तो खर्च आधी कापला जातो. आणि कापाकापी होणारच असं धरून आकडा आधीच फुगवू नका. वित्त शाखेतल्यांना ही चाल तोंडपाठ आहे. ते फुगवलेला आकडा कापतात आणि न फुगवणाऱ्या शेजारच्या विभागाचाही तितक्याच टक्क्यांनी कापतात, हे खरं दुखणं आहे.

## टप्पा ६: सुनावणी आणि मंजुरी

मागण्या एकत्र झाल्या की वित्त नियंत्रकांच्या स्तरावर छाननी होते, मग कुलगुरूंकडे आणि शेवटी कार्यपरिषदेपुढे. विद्यापीठाच्या निधीचा आणि मालमत्तेचा कारभार कार्यपरिषदेकडे असतो. तिच्या मंजुरीशिवाय तुमची मागणी ही नुसती मागणी.

सुनावणीला जाताना देणी-नोंदवही सोबत ठेवा आणि ज्याने ती भरली त्या लिपिकालाही न्या. विभागाध्यक्षांना विषयाची गरज सांगता येते, पण 'हा आदेश कधीचा?' या प्रश्नाला उत्तर वहीवाल्याकडेच असतं. नव्या मागण्यांना आधीच तीन गट पाडा: याशिवाय वर्ग चालणार नाही, वर्षभर थांबता येईल, मिळालं तर बरं. कात्री तुम्ही लावली नाहीत तर दुसरा कोणी लावेल, आणि त्याला तुमच्या प्रयोगशाळेतलं काही माहीत नसतं.

## टप्पा ७: मंजुरीनंतर खर्चाचा क्रम

'सर, हेडमध्ये पैसे आहेत, मग बिल का अडलं?' हा प्रश्न वित्त शाखेच्या खिडकीवर रोज ऐकू येतो. उत्तर असं की हेडमध्ये तरतूद आहे, पण मधल्या पायऱ्या झालेल्या नाहीत. क्रम असा:

१. तरतूद शिल्लक असल्याची वित्त शाखेकडून नोंद.
२. सक्षम अधिकाऱ्याची प्रशासकीय स्वीकृती, नोटशीटवर. बांधकाम असेल तर त्यानंतर तांत्रिक स्वीकृती.
३. खरेदी: मध्य प्रदेश भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम, २०१५ (२०२२ मधल्या दुरुस्त्यांसह) आणि जेम हे सरकारी ऑनलाइन खरेदीचं पोर्टल.
४. पुरवठा आदेश. त्याच दिवशी देणी-नोंदवहीत नोंद.
५. माल आल्यावर तपासणी, साठा नोंदवहीत पान क्रमांकासह नोंद.
६. बिल, त्यावर साठा-नोंदीचा शेरा, संपरीक्षा (ऑडिट), मग पैसे.

पाचवी पायरी गाळून सहावी करणारे पुष्कळ. यंत्राचं खोकं कॉरिडॉरमध्ये तसंच पट्टी न सोडता उभं, आणि बिलावर शिक्का 'माल तपासून चालू स्थितीत मिळाला'. स्थानिक निधी संपरीक्षेचा माणूस बिल वाचत नाही, आधी साठा नोंदवहीचं पान मागतो, मग यंत्र चालू करून दाखवा म्हणतो.

सावध: मर्यादेखाली राहण्यासाठी एका खरेदीचे तुकडे करू नका. एकाच आठवड्यात एकाच दुकानाची सारख्या रकमेची तीन बिलं कोणाच्याही डोळ्यात येतात.

वेळेचा हिशेब उलटा करा. जेमवरची बीड (निविदा) किमान दहा दिवस खुली राहते. तिच्याआधी विनिर्देश आणि स्वीकृती, नंतर तांत्रिक छाननी, दर तुलना, आदेश, पुरवठ्याची मुदत, बसवणी. मोठ्या यंत्राला चार महिने सहज जातात. म्हणजे मार्चमध्ये पैसे द्यायचे असतील तर विनिर्देश ऑक्टोबरात तयार हवेत. फेब्रुवारीत सुरू केलेली मोठी खरेदी त्या वर्षी होत नाही, असं गृहीतच धरा.

## टप्पा ८: दर महिन्याला एक तास

महिन्याच्या पाच तारखेच्या आत प्रत्येक हेडसाठी चार आकडे लिहा: तरतूद, दिलेले, आदेश देऊन बांधलेले, खरी शिल्लक. वरच्या रसायनांच्या उदाहरणात तरतूद ५,००,०००, दिलेले १,८०,०००. वित्त शाखेच्या खात्यात शिल्लक ३,२०,००० दिसते. बांधलेले २,१०,००० वजा केले की हाती १,१०,००० उरतात, आणि दुसऱ्या सत्राची गरज आहे १,६०,००० ची. ५०,००० कमी पडणार हे ऑक्टोबरातच दिसलं. ज्यांनी ३,२०,००० वर भरवसा ठेवला, त्यांना ते फेब्रुवारीत कळेल.

तीन महिन्यांतून एकदा विभागाचे आकडे वित्त शाखेच्या आकड्यांशी जुळवा. फरक निघतोच: एखादं व्हाउचर दुसऱ्याच हेडवर पडलेलं, एखादा परतावा जमाच न झालेला. वर्ष संपल्यावर हा फरक शोधणं फार जड जातं.

## टप्पा ९: सुधारित अंदाज आणि पुनर्विनियोजन

पुनर्विनियोजन म्हणजे एका हेडची तरतूद दुसऱ्यात वळवणं. एका हेडमध्ये कमी आणि दुसऱ्यात जास्त होणार हे दिसलं की नोटशीट लगेच चालवा. तीत लिहायचं: कोणत्या हेडमधून किती वाचणार आणि का, कोणत्या हेडला किती लागणार आणि का, वाचणाऱ्या हेडवर पुढे मागणी येणार नाही ना. आधी मंजुरी, मग खर्च. खर्च करून 'कार्योत्तर स्वीकृती' मागायची सवय काही विभागांना जडलेली आहे. एखाद्या वेळी मिळते, म्हणून ती रीत होत नाही.

पगाराच्या वाचलेल्या रकमेतून फर्निचर घ्यायचं मनातही आणू नका. पद रिक्त राहिल्याने वाचलेलं अनुदान विभागाचं नसतं. प्रकल्पाचा निधी एका हेडमधून दुसऱ्यात वळवायचा तर मंजुरी देणाऱ्या संस्थेची लागते, विद्यापीठाची पुरत नाही.

## टप्पा १०: मार्च

इंदूरमध्ये मार्च कॅलेंडरवर दिसतो त्याहून लहान असतो. होळी, धुळवड आणि गेरीची (रंगांच्या मिरवणुकीची) रंगपंचमी बहुतेक वर्षी याच महिन्यात येतात. २०२४ मध्ये २९ मार्चला गुड फ्रायडे, ३० ला रंगपंचमी आणि ३१ ला रविवार होता. विभागांचं बिल पाठवायचं काम २८ लाच आटोपलं. म्हणून वित्त शाखेची शेवटची तारीख काहीही असो, विभागाची स्वतःची शेवटची तारीख १० मार्च ठेवा. त्यानंतर नवा आदेश द्यायचा नाही.

१० ते ३१ मार्चच्या दरम्यान:

- घेतलेल्या प्रत्येक अग्रिमाचा (खर्चासाठी आगाऊ उचललेल्या रकमेचा) हिशेब. परिसंवादासाठी ऑगस्टमध्ये उचललेला अग्रिम मार्चपर्यंत खिशात राहिला तर पुढचा मिळत नाही. उरलेली रोकड जमा करून पावती फाइलला लावा.
- माल आला पण बिल नाही, बिल आलं पण पैसे नाहीत, अशा दोन वेगळ्या याद्या.
- न झालेले पण आदेश दिलेले व्यवहार. ते पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून जाणार, आपोआप नाही. त्यांना पुढच्या वर्षाच्या मागणीत जागा हवी.
- पैसे पडून राहू नयेत म्हणून पुरवठादाराला आगाऊ रक्कम देणं टाळा. ३१ मार्चला दिलेला आगाऊ चेक आणि जूनमध्ये आलेला माल, या जोडीवरचे आक्षेप वर्षानुवर्षं निकाली निघत नाहीत.

केंद्राच्या अनुदानावरच्या प्रकल्पांचं उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या १२-क या नमुन्यात वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. इतकं थांबू नका, कारण त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज प्रकल्पात खर्चायचं नसतं, ते केंद्राच्या संचित निधीत परत जातं. प्रमाणपत्रात व्याजाची रक्कम शून्य लिहून पाठवलेली कागदपत्रं बँक विवरण बघताच परत येतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवी देणी-नोंदवही उघडा. पहिल्या पानावर मार्चच्या त्या दोन याद्या, दुसऱ्यावर वर्षभरात वॉरंटी आणि करार संपणाऱ्या यंत्रांच्या तारखा. विभागाध्यक्ष बदलणार असतील तर हस्तांतरणाच्या कागदावर या वहीचा पान क्रमांकासह उल्लेख करून दोघांच्याही सह्या घ्या.